नमुन्याची पँट

आमच्या घरात फाटकं कापड टिकत नसे. फाटायचं सगळ्यांचंच. माझा परकर कुंपणाच्या काट्याला अडकायचा, बाबांची खाकी पँट इंजिनाच्या कुठल्यातरी खिळ्याला, आईचं लुगडं चुलीपाशी. पण फाटलेलं कापड फाटलेल्या रूपात दिवेलागण काही बघत नसे. आत्या ते उचलायची, दाराच्या उंबऱ्यात उजेडाकडे तोंड करून बसायची आणि त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून दोन-चार धागे ओढून काढायची. रफू करायला ती बाहेरचा दोरा कधी वापरत नसे. "ज्याचं त्यालाच लावावं, म्हंजी रंगाची भांडणं व्हत नायत," असं तिचं म्हणणं. सुई ओवताना ती डोळे मिटून घ्यायची. बोटाच्या टोकानं सुईचं नाक चाचपायचं, धाग्याला जिभेचं पाणी लावायचं, की एका झटक्यात धागा आरपार. लहान असताना मला ती जादू वाटे. मी किती वेळा डोळे मिटून करून बघितलं आणि बोटं टोचून घेतली त्याला गणती नाही.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला, मूलबाळ नाही, म्हणून आमच्याकडे राहायची, पण राहायची अशा रुबाबात की आम्हीच तिच्याकडे राहतोय असं पाहुण्यांना वाटावं. आमचं घर भिसेगावच्या टोकाला, विहाराच्या मागच्या अंगाला. बाबा रेल्वेत खलाशी होते. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून इंजिनं जोडतात, त्या जोडणीचा धड्ड असा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा आणि मडक्यातलं पाणी किंचित हलायचं. त्या आवाजावरून बाबांची पाळी सुटायला किती वेळ आहे ते आई सांगायची आणि भाकरीचं पीठ मळायला घ्यायची. बाबा घरी आले की आधी अंघोळ, मग पांढरा सदरा. रविवारी सकाळी ते निखारे भरलेला तांब्या घेऊन बसायचे आणि घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री करायचे, अगदी बनियनलासुद्धा. बनियन आत असतो, तो कोण बघणार, असं मी एकदा म्हटलं. तर म्हणाले, "मी बघतो." शुद्ध बोलायचा त्यांचा आग्रह होता, राग आला की मात्र शुद्ध भाषा पाळीवरून सुटायची.

हा सगळा खटाटोप कशापायी, ते आम्हा मुलांना कुणी समोर बसवून सांगितलं नाही. ते घरात मीठ असतं तसं होतं. आत्या आणि बाबा कडावच्या बाजूला एका गावात वाढले. तिथं आमच्या लोकांना वर्षाचं नवं कापड नसे. मोठ्या घरातलं उतरलेलं मिळायचं, नाहीतर मढ्यावरचं. आत्याला एकदा तिथल्या एका घरचा परकर मिळाला, तो नेसून ती पाण्याला गेली, तर त्या घरची मुलगी सगळ्यांदेखत म्हणाली, "ते भोक माझं हाय. मी जांभळीवरून पडले तवा पडलेलं." तेव्हापासून आत्यानं रफूचा ध्यास घेतला. कर्जतच्या बाजारात एक म्हातारा रफूगर बसायचा, त्याच्यापासून चार हात लांब उभी राहून ती त्याचे हात बघत राहायची. तिला असं रफू शिकायचं होतं, की ज्याचं कापड त्यालाही भोकाची जागा सापडू नये. पुढे धम्म घेतला तेव्हा वाडीनं ठरवलं, कुणाचं उतरलेलं अंगाला लावायचं नाही, फाटकं घालायचं नाही. तोवर आत्याचा हात असा बसला होता, की ती फाटलेलं नुसतं बघूही शकत नसे.

मी बारावीत होते तेव्हा आमच्या वाडीत पँटी आल्या. खोपोलीचा रमेशभाऊ नावाचा एक तरतरीत माणूस टेंपोतून जाड निळ्या कापडाच्या नव्या पँटी आणायचा. शेठ मुंबईचा, धुलाईची शेड खालापूरकडे आणि माल जायचा साता समुद्रापार. वाडीतल्या आठ-दहा बायकांना त्यानं काम दिलं. आधी नुसते सुटे धागे कापायचे होते. मग कमरेवर कातड्याचा तुकडा शिवायचा, त्यावर उडी मारणारं हरीण. मग एके दिवशी त्यानं काचपेपर आणले आणि मांडीवर, ढुंगणावर घासायला सांगितलं, नवी पँट जुनी दिसेपर्यंत. बायका हसून हसून बेजार झाल्या. "आमच्या नवऱ्याला दे की, आठ दिवसांत फुकट करून देल," एकजण म्हणाली. रमेशभाऊही हसला. पण काम काम होतं, आणि ते विहाराच्या ओट्यावर सावलीत बसून करायचं होतं. आईनं आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात लावणी केलेली. बसून करायचं, स्वतःचं म्हणता येईल असं ते तिचं पहिलं काम. रमेशभाऊ तिला 'सुमनताई' म्हणायचा, याचंही तिला फार अप्रूप होतं.

त्या कापडाचा रंग सुटायचा. आईचे हात मनगटापर्यंत निळे झाले ते निळेच राहिले. "आमचा जयंतीचा निळा गुलाल वरीसभर उतरत नाय," असं आत्या म्हणायची. पण नंतर घासून झालेल्या जागेवर कसलंसं झोंबरं पांढरं पाणी फडक्यानं पुसायचं काम आलं, आणि त्यानं आईच्या बोटांची टोकं उलली. वालाच्या बिरड्यात भाकरी बुडवली की ती ओठ आत ओढून घ्यायची. सुकटीची चटणी तर तिनं सोडूनच दिली. हातमोजे मिळतील का असं तिनं रमेशभाऊला विचारलं, तर तो अवघडून म्हणाला, "मोजे घातले तर हात चालत नाही ताई, शेठ बोलतो." आणि मी? मला त्या हरणाचं वेड लागलं होतं. वर्गात डॉक्टरांची वृंदा माझ्याशेजारी बसायची. ती एकदा सांगत होती की तिच्या मामेभावानं तसली हरणाची पँट बाहेरून मागवली, इथं पैसे टाकूनसुद्धा मिळत नाही. ते हरीण आमच्या घरी पोत्यानं येतं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी बोलले नाही. लाज वाटली म्हणून की गुपित राखण्यात मजा वाटली म्हणून, ते तेव्हा कळलं नाही. आता साठीकडे झुकले, मधे सारी हयात मुलांना फळ्यावर उत्तरं लिहून देण्यात गेली, पण हे गणित माझं अजून सुटलेलं नाही.

अशात एका रविवारी रमेशभाऊ चाळीस नव्या पँटी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवलेली एक पँट घेऊन आला. ही वेगळी पँट जुनी, विटलेली होती आणि डाव्या गुडघ्यावर वीतभर फाटलेली. "हे सँपल," तो म्हणाला. "डायरेक्ट बाहेरनं आलंय. ह्याच्यासारखं डिट्टो फाडायचं. आडवे पांढरे धागे तसेच ठेवायचे, उभे काढायचे. सँपल जपा, ताई. एकच हाय." बाबा तांब्या घेऊन इस्त्रीला बसले होते. त्यांनी मान वर केली.

"नवं कापड फाडायचं?"

"फॅशन आहे काका तिकडं."

"कुणाची?"

"मोठ्या लोकांची."

"मोठे लोक फाटकं घालतात?" बाबांनी इतक्या प्रामाणिकपणे विचारलं, की रमेशभाऊला हसायला आलं नाही. तो गेल्यावर बाबा म्हणाले, "माझ्या घरात हे फाडणं होणार नाही." आई एरवी त्यांना उलट बोलत नसे. त्या दिवशी माझ्याकडे बोट करून बोलली. "मग वट्यावर व्हईल. मंदीला डीएडला होस्टेलात ठेवायची हाय का नाय? ह्ये काम गेलं तर ती जानार हाय लावनीला, माज्यासंगं." बाबा तांब्या सदऱ्याच्या एकाच बाहीवर ठेवून बसले, आणि जळका वास आला तेव्हा दचकले. बाबांच्या हातून कपडा जळालेला मी तेव्हाच पाहिला.

आत्या तेव्हा घरी नव्हती. ती कशेळ्याला नात्यातल्या बाळंतिणीकडे गेली होती, त्यामुळे हे संभाषण तिच्या कानावर नाही. दुसऱ्याच दिवशी कडावला वाडीतल्या एका मुलीचं लग्न होतं. बायका, आई, मी, सगळ्या दोन दिवस तिकडे. बाबा पाळीवर, ते दोन दिवस मुक्कामालाही तिकडेच. पँटी घरात थप्पी लावून ठेवलेल्या आणि सँपल, जपून ठेवायचं म्हणून, खुंटीला टांगलेलं. आत्या जीपनं परत आली ती रिकाम्या घरात. तिनं थप्पी बघितली, नवी कोरी. खुंटीवरची पँट बघितली, गुडघ्यावर तोंड वासलेली. आणि तिनं आपल्या परीनं सरळ अर्थ लावला: ही रमेशची. बिचारा टेंपोतून गावोगाव फिरतो, लग्न झालेलं नाही, बघणारं कुणी नाही. मागायची लाज वाटली असेल, म्हणून गुपचूप टांगून गेला.

आम्ही लग्नाहून आलो. आई घरात शिरताच खुंटीकडे बघून म्हणाली, "सँपल कुठं गेलं?"

"सँपल काय म्हाईत नाय," आत्या म्हणाली. "रमेसची इजार म्हनत असशील तर ही घे. तिथं फाटकी टांगून ठिवली, तुज्या ध्यानात कसं आलं नाय गं सुमन?" आणि तिनं उशाखालून घडी काढली. धुतलेली, वाळवलेली, बाबांच्या तांब्यानं इस्त्री केलेली, पुढून अशी धार काढलेली की कापून घ्यावं. आईनं घडी मोडून दोन्ही गुडघे बघितले. शेजारच्या बायका जमल्या. पँट या हातातून त्या हातात गेली. गुडघ्यावर बोटं फिरली, उजेडात धरून झाली, आतून उलटी करून झाली. भोक सापडेना. त्यातली एक हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, मग तिच्यामुळे दुसऱ्या. आत्याही आधी थोडं हसली, सगळ्या हसतात म्हणून. मग तिनं आईचं तोंड पाहिलं.

"म्हंजी? फाटकीच पायजे हुती?"

आईनं मान डोलावली. आत्यानं पँट परत घेतली आणि घडी घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रमेशभाऊ काम कुठवर आलं ते बघायला आला. आई सांगायचा प्रयत्न करत होती, पण त्याला कळेना. तो पँट उलटसुलट करत विचारत राहिला, "पण फाटलेली कुठं गेली?" हीच ती, हे पटल्यावर तो ओट्यावर डोकं धरून बसला. मला तो माणूस वाईट कधीच वाटला नाही, त्या दिवशीही नाही. त्याला घाम फुटला होता. तो आत्याला म्हणाला, "मावशी, शेठ मला उभा कापंल. चाळीस पीस ह्याच्यावरनं करायचेत आन् सँपल परत जायचंय." मग म्हणाला, "उसवा की. तुमीच केलंय, तुमीच उसवा."

"उसवंल ते रफू नसतं बाबा," आत्या म्हणाली. पँट तिच्या मांडीवर होती. तिच्या आवाजात राग नव्हता, आपल्या कामाची खरी माहिती द्यावी तसा आवाज होता.

त्यानं खिशातून ब्लेड काढलं आणि ओट्यावर ठेवलं. "मग कापा. नायतर मी सगळा माल उचलतो, ताई. पुढचा पन यायचा नाय." ओट्यावर आठ-दहा बायका होत्या, त्या खाली बघून पदरावरचे सुटे धागे वेचू लागल्या. आई आत्याला "आक्का..." एवढंच म्हणाली आणि आपल्या निळ्या हातांकडे बघत बसली. तिची बोटं ब्लेड धरण्यासारखी नव्हतीच. मला होस्टेल दिसत होतं, लावणीचा चिखल दिसत होता, आणि खरं सांगायचं तर आपण काय करतोय याचा मेळ मला काही लागत नव्हता. मी ब्लेड उचललं. आत्याच्या समोर बसले. गुडघ्याची जागा ताणून धरली. आणि मला भोकाची जागाच सापडेना.

"आत्ये," मी म्हटलं, "कुठं हाय?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग पँटीवर नजर न टाकता, सुई ओवताना मिटायची तसे डोळे मिटले, चाचपलं आणि बरोबर जागेवर बोट ठेवलं.

मी तिथं कापलं. ब्लेड चाललं तसे धागे कर्र करत सुटले. पूर्वीसारखं भोक काही झालं नाही. अर्धे टाके तगून राहिले, खिडकीच्या तुटक्या जाळीसारखं काहीतरी दिसू लागलं. ब्लेड चुकून आत्याच्या बोटाला लागलं, तिनं बोट तोंडात घातलं आणि उठून आत गेली. रमेशभाऊ म्हणाला, "चालंल, चालंल," आणि ती पँट तशीच नमुना धरून बायकांनी चाळीस पँटी दोन दिवसांत फाडल्या. बाबांनी ओट्याकडे बघायचं टाळलं. घरात कुणी मला रागावलं नाही. आत्या माझ्याशी नेहमीसारखी बोलायची, ताटात भात वाढायची, केस विंचरून द्यायची. तिनं एकदा तरी दोन शिव्या घालाव्यात असं मला वाटत होतं. ती घालत नव्हती आणि मला तोंड लपवायला जागा मिळत नव्हती.

आता माझ्या भाच्याची मुलगी पुण्याहून येते, दोन्ही गुडघे उघडे असलेली पँट घालून, आणि तिच्या मोबाइलवर मला वाचून दाखवते की कपडे कोण बनवतं याचा विचार आपण करायला हवा. चांगली मुलगी आहे. मी तिला विचारते, "कुणी फाडली गं ही?" ती म्हणते, "मशीननं असेल, आजी." असेल. मी तिच्या गुडघ्याकडे बघत राहते. माझ्या हातांना ते शिवावंसंही वाटतं आणि कुणी कापून दाखव म्हटलं तर तेही बिनचूक येईल, हे आठवतं. हे तिला सांगायला सुरुवात केली तर शेवट काय करायचा ते मला माहीत नसतं. मग मी तिला चहा विचारते.

त्या चाळीस पँटी गेल्याला दीड-दोन महिने झाले असतील. रमेशभाऊ पुन्हा आला, या खेपेला पेढ्यांचा पुडा घेऊन, आणि थेट आत्याच्या पाया पडला. ते अर्धवट कापलेलं सँपल बाहेरच्या लोकांना म्हणे फार आवडलं होतं. ती जाळी, ते अर्धे टाके. आता मोठी ऑर्डर होती. आधी फाडायचं, मग वरून रफू करायचं, पण चांगलं ठसठशीत, लाल दोऱ्यानं, लांबून दिसलं पाहिजे. "मावशी, तुमच्या हाताला तिकडं मान हाय. तुमीच करायचं, बाकीच्यांना शिकवायचं. ताईंचं ते झोंबरं पानी बंद."

आईनं पटकन आत्याकडे बघितलं. बाबा दारात उभे होते, त्यांनीही बघितलं. आत्यानं एक पेढा उचलला, अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला, अर्धा स्वतः खाल्ला.

"दिसंल असं रफू करायला मला येत नाय, बाबा," ती म्हणाली.

रमेशभाऊला वाटलं तिला जास्त मजुरी हवी. तो वाढवू लागला. आत्या मान हलवत राहिली. "तसं नाय रं. खरंच येत नाय. हात तसा वळत नाय माजा." तिच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता. शिकवलं नसलेला धडा विचारल्यावर मुलं जशी बघतात, तशी ती बघत होती. आईची उललेली बोटं पदरात गुंडाळलेली होती.

"मला येतं," मी म्हटलं.

मला काही येत नव्हतं. पण वाईट रफू करायला फार शिकावं लागत नाही. मी त्याच दुपारी ओट्यावर बसले, लाल दोऱ्याचं रीळ आणि एक फाडलेली पँट घेऊन. वेडेवाकडे, जाड, लांबून दिसतील असे टाके घालायचे होते. सुईचं नाक बारीक, दोरा जाड. दोरा पिंजत होता, आत जाईना, आणि सगळ्या बघत होत्या. तेवढ्यात आत्या घरातून आली आणि माझ्याशेजारी टेकली.

"आण इकडं," ती म्हणाली. डोळे मिटले, नाक चाचपलं, दोरा जिभेला लावला, आणि ओवलेली सुई माझ्या हातात दिली. मग दुसरी घेतली.

ती ऑर्डर पुरती दोन पावसाळे चालली, आणि माझं डीएड तिच्यावरच झालं. मी सुट्टीला घरी आले की ओट्यावर बसायचे, आणि माझी प्रत्येक सुई आत्याच ओवून द्यायची. माझे टाके मात्र तिनं एकदाही बघितले नाहीत. सुई दिली की ती तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसायची, माझा दोरा संपेपर्यंत.